आधी पेटी उघडा!

दिवाळीच्या बोनसमधून वडिलांनी होम थिएटर आणले. बंदुकीचे बार घर हादरवीत; पण संवाद ज्यातून येतात त्या मधल्या स्पीकरमधून बोलणे गोधडीआडून आल्यासारखे वाटे. आजी म्हणाली, “माझेच कान गेलेत गं!”

दुकानदार म्हणाला, नवा घ्या. मला ते पटले नाही. आपण कलाशाखेची मंडळी पेटी उघडणे हे विज्ञानशाखेचे काम समजून हात झटकतो, हेही पटत नाही.

मागचे स्क्रू काढले. आत पेटी पोकळ, कापसाचा पुंजकाही नाही. ट्वीटरच्या वाटेवर एक स्वस्त इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, ६.८ मायक्रोफॅरॅडचा. जाड स्वर अडवून बारीक तेवढे पुढे सोडायचे, हे त्याचे काम. ‘स’, ‘श’ यांची धार त्या बारीक स्वरांतच असते. तेवढ्याच मूल्याचा पॉलिप्रॉपिलिनचा कपॅसिटर बसवला. (मूल्य बदलले तर स्वरांची वाटणी बिघडते, तो काढूनच टाकला तर ट्वीटर जळू शकतो.) आतल्या भिंतींना उशीतला पॉलिएस्टरचा कापूस लावला, आईला न विचारता! खरे सांगायचे तर मोठा फरक त्या कापसाचाच. पोकळ पेटीचा घुमारा गेला.

फाटलेला कोन असता तर यातले काहीच उपयोगी पडले नसते. पण तेही उघडल्याशिवाय कळले नसते.

आजी आता मालिकेतल्या सासूला अगदी वेळेवर उत्तर देते.