डबीत नुसते दिवेच लुकलुकतात

घरात नुकताच गाडी चालवायला शिकलेला मुलगा असेल, तर ही डबी एव्हाना तुमच्याही दारात आली असेल. आमच्या द्वारकेच्या सोसायटीत ती दिवाळीनंतर आली. काडेपेटीएवढी, प्लास्टिकची. हिरवी मायलेजसाठी, पिवळी आणि लाल ताकदीसाठी. स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटमध्ये खोचायची, 200 किलोमीटर चालवायची, की म्हणे ती तुमची सवय ‘शिकते’ आणि इंजिन सुधारतं. माझ्या भाच्याने सातशे रुपयांना एक मागवली आणि थेट माझ्या सासऱ्यांच्या गाडीला लावली.

सासरे खूश! म्हणाले, ‘‘पिकअप वाढलाय गं.’’ मायलेजही थोडं वाढलेलं दिसलं. पण त्या दोन आठवड्यांत ते आकडा बघत बघत किती हळुवार चालवत होते, हे मागच्या सीटवरून मी पाहत होते. नवं खेळणं लावलं की पाय आपोआप हलका पडतो. आणि हो, ते 200 किलोमीटर होईपर्यंत वस्तू परत करायची मुदत बहुतेक वेळा संपलेली असते.

शेवटी भाच्यानेच स्क्रूड्रायव्हर घेतला. आत काय निघालं? एक लहानशी चिप, तीन दिवे, एक बटण. गाडीचा कॉम्प्युटर त्या सॉकेटमधून 6 आणि 14 नंबरच्या पिनांवर बोलतो. हे बोलणं समजायला एक वेगळा भाग लागतो. तो आत नव्हताच. डबी फक्त वीज घेत होती आणि दिवे लुकलुकवत होती. परदेशात इलेक्ट्रॉनिक्सच्या हौशी लोकांनी अशा डब्या उघडल्या, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं होतं.

वीज मात्र ती खरोखर घेते. 16 नंबरच्या पिनेत किल्ली काढल्यावरही बॅटरीचे 12 व्होल्ट असतात. गाडी महिनाभर उभी असेल आणि बॅटरी आधीच थकलेली असेल, तर जानेवारीच्या धुक्यातल्या सकाळी ते जाणवू शकतं.

दुसरा प्रकार याहून स्वस्त, इंजिनकडे जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत बसवायचा. तो म्हणजे काही रुपयांचा रेझिस्टर. तो कॉम्प्युटरला खोटं सांगतो की हवा थंड आहे. थंड हवा दाट असते, म्हणून कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. पण एका भाग पेट्रोलला सुमारे 14.7 भाग हवा हे प्रमाण सायलेन्सरकडचा ऑक्सिजन सेन्सर सतत तपासत असतो. तो जादा पेट्रोल पुन्हा कमी करतो. नाही जमलं तर डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो.

मग चिप ट्यूनिंग सगळंच खोटं का? नाही. टर्बो डिझेल गाडीचा प्रोग्रॅम लॅपटॉपवरून बदलून ताकद खरोखर वाढते. पण त्याला हजारो रुपये पडतात, वॉरंटी जाऊ शकते, धूर वाढू शकतो. दिल्लीच्या हवेत राहून हे करायचं? माझं मत विचाराल तर नको. शिवाय 2019 मध्ये सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यात परवानगीत न बसणाऱ्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

करोल बागच्या गल्लीत किंवा काश्मिरी गेटला एखादा दुकानदार डबी पुढे करेल, तेव्हा त्याला एवढंच विचारा, ‘‘भैया, ये गाड़ी के कंप्यूटर से बात कैसे करती है?’’ उत्तर म्हणून दिवेच दाखवले, तर पुढच्या दुकानात चला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून जास्त उपकरणं तपासली. मायलेज लक्षणीय वाढवणारं त्यात एकही निघालं नाही.

सातशे रुपये खर्चायचेच असतील तर हवा मोजायचं चांगलं गेज घ्या. तापमान साधारण 6 अंशांनी उतरलं की टायरमधली हवा एक पीएसआयने कमी होते. ऑक्टोबरच्या उन्हात भरलेली हवा जानेवारीत तीन-चार पीएसआय कमी भरते, आणि पंपावरची मशीन बरोबर असेलच असं नाही. लांबच्या सिग्नलला इंजिन बंद करा. 2020 मध्ये दिल्ली सरकारने ‘रेड लाइट ऑन, गाड़ी ऑफ’ म्हणत हेच सांगितलं होतं.

सासऱ्यांची डबी आता भाच्याच्या टेबलावर आहे. बहिणीच्या चार वर्षांच्या मुलीला तिचे दिवे फार आवडतात.