मांडीची माया आणि पट्ट्याची शिस्त

चारचाकी गाडी ही आता मध्यमवर्गीय घरात केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. देवदर्शन, लग्नकार्य, गणपतीला गावी जाणे, सुट्टीतील सहल या सर्व निमित्तांनी अवघे कुटुंब गाडीत बसून शेकडो किलोमीटरचा प्रवास करते. रस्तेही पालटले. २००२ साली पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने महाराष्ट्राला वेगाची ओळख करून दिली. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाने तो वेग ताशी १२० किलोमीटरपर्यंत नेला. गाड्या बदलल्या, रस्ते बदलले. मात्र गाडीत बसण्याची रीत बैलगाडीच्या काळातीलच राहिली. तान्हे मूल आईच्या किंवा आजीच्या मांडीवर, पाच वर्षांचे दोन सीटांच्या मधल्या फटीत उभे, आणि मागच्या काचेजवळच्या फळीवर गावाहून आणलेले नारळ! या दृश्यात जिव्हाळा आहे, हे कोण नाकारील? परंतु वेगाला जिव्हाळा कळत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

मागे बसले की भय नाही, असा एक दृढ समज समाजात रुजला आहे. मुलांसाठी पुढच्या सीटपेक्षा मागची सीट अधिक सुरक्षित, हे खरे. पण ते पट्टा बांधलेल्या मुलापुरतेच. ३ जून २०१४ रोजी केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांचे दिल्लीतील अपघातात निधन झाले, तेव्हा ते मागच्या सीटवर होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा तेही मागेच बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. दोन्ही वेळा देश हळहळला, काही दिवस चर्चा झाली आणि मागच्या सीटवरील पट्टे पुन्हा सीटकव्हरखाली गडप झाले. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी सुरक्षा पट्टा लावलेला नव्हता, आणि त्यांतील जवळजवळ निम्मे चालक नव्हे, तर प्रवासी होते.

मांडीचे गणित

मूल मांडीवर घट्ट धरले की झाले, असे मानणाऱ्यांनी एक साधे गणित करून पाहावे. ताशी ५० किलोमीटर हा काही मोठा वेग नव्हे; शहरातील रिकाम्या रस्त्यावर तो सहज गाठला जातो. या वेगात असलेली गाडी धडकेने सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलो वजनाचे मूल सुमारे १४० किलोच्या ओढीने पुढे फेकले जाते. एवढा भार क्षणार्धात पेलणारे हात कोणत्या मातेपाशी आहेत? शिवाय मातेने स्वतः पट्टा लावलेला नसेल, तर तीही त्याच वेगाने पुढे जाते आणि मूल तिचा देह व पुढची सीट यांच्यामध्ये चिरडले जाते. आई आणि बाळ दोघांभोवती एकच पट्टा गुंडाळणे हा उपाय तर याहूनही घातक. ज्या कुशीत मूल जगातील सर्वाधिक सुरक्षित असते, तीच कुशी धावत्या गाडीत त्याच्या जिवावर उठते.

हा गैरसमज केवळ भारतीय नाही. मुलांना गाडीत विशेष आसनात बसवण्याची सक्ती करणारा अमेरिकेतील पहिला कायदा टेनेसी राज्यात झाला आणि १९७८ साली अमलात आला. रॉबर्ट सँडर्स नावाच्या बालरोगतज्ज्ञाने त्यासाठी चिकाटीने पाठपुरावा केला होता. मात्र तेथील विधिमंडळाने त्यात एक पळवाट ठेवली : मूल मोठ्या माणसाच्या हातात असेल, तर आसनाची सक्ती नाही. डॉ. सँडर्स या पळवाटीला ‘मुले चिरडणारी दुरुस्ती’ म्हणत. १९८१ साली ती रद्द झाली, तेव्हाच कायदा खऱ्या अर्थाने पूर्ण झाला. मायेची भाषा तेथेही तीच होती. ती बाजूला सारून विज्ञान स्वीकारण्याचे धैर्य तेथील समाजाने दाखवले.

मूल म्हणजे मोठ्या माणसाची लहान प्रतिकृती नव्हे. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे चौथ्या भागाएवढे असते आणि मान अत्यंत कोवळी. गाडी एकाएकी थांबली की हे जड डोके पुढे झेपावते. म्हणूनच तान्ह्या मुलाचे आसन गाडीच्या मागच्या बाजूस तोंड करून बसवायचे असते; धडकेचा जोर मग मानेवर न येता पाठीवर विभागला जातो. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी १९६०च्या दशकातच ही रचना मांडली होती. मूल किमान दोन वर्षांचे होईपर्यंत असेच बसावे, पुढे त्याला स्वतंत्र पट्ट्यांच्या आसनात बसवावे आणि उंची सुमारे १४५ सेंटिमीटर होईपर्यंत उंचवट्याची बैठक द्यावी, असे तज्ज्ञ सांगतात. कारण मोठ्यांचा पट्टा लहान मुलाच्या छातीऐवजी गळ्यावर आणि मांडीच्या हाडाऐवजी पोटावर येतो. पुढच्या सीटवर एअरबॅग सुरू असताना तेथे असे मागे तोंड केलेले आसन कदापि ठेवू नये. मुलांसाठीच्या योग्य आसनांमुळे बालमृत्यू ६० टक्क्यांपर्यंत घटू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कायदा आहे, आचरण नाही

१ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या सुधारित मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याविना वा योग्य आसनाविना नेल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे. मात्र चौकात उभ्या असलेल्या पोलिसाला पुढची काच दिसते. मागे आजीच्या पदराआड काय चालले आहे, ते दिसत नाही. किंबहुना प्रत्येक गोष्ट पोलिसाच्या शिट्टीने व्हावी, ही अपेक्षाच समाजाच्या स्वाभिमानाला शोभणारी नाही. जे काम घराचे आहे, ते घरानेच केले पाहिजे.

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला खर्चाचा. चांगल्या आसनाला काही हजार रुपये पडतात, हे खरे. परंतु लाखो रुपयांची गाडी घेणारे कुटुंब रंगीत सीटकव्हर आणि गाण्यांच्या यंत्रणेवर तेवढाच खर्च आनंदाने करते. एका घरातील आसन भावंडांना, चुलत-मावस भावंडांना पुढे वापरता येते. ते अपघातग्रस्त गाडीतील नसावे आणि फार जुने झालेले नसावे, एवढे पाहावे. दुसरा आक्षेप रडण्याचा. ‘बांधून ठेवले की रडते बिचारे!’ परंतु प्रसूतिगृहातून घरी येतानाच ज्याला आसनाची सवय लागते, त्याला ते बंधन वाटत नाही.

सुरक्षिततेइतकाच विचार मुलाच्या सुखाचाही व्हावा, कारण अवघडलेले मूलच पट्टा काढण्याचा हट्ट धरते. दर दोन तासांनी थांबून त्याला मोकळे फिरू द्यावे. घाटात त्याच्या हाती मोबाइल वा पुस्तक देऊ नये; डोळे स्थिर पानावर आणि कान वळणांवर, या विसंगतीतूनच मळमळ होते. त्याला दूरवरचे डोंगर पाहू द्यावेत. खिडकीवर ऊन अडवणारा पडदा, मागच्या दारांना चाइल्ड लॉक, आणि नारळ, डबे, तांब्या ही सारी जड वस्तू डिकीत. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत मुलाला पाच मिनिटेही एकटे ठेवू नये.

सर्वांचे पट्टे लागल्याखेरीज गाडी हलणार नाही, हा एकच नियम घराघरांत रूढ झाला, तर पुष्कळ काही साधेल. आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना तो सारखाच लागू असावा. मुले उपदेशाने शिकत नाहीत, पाहून शिकतात. आज वडिलांना मागच्या सीटवरही पट्टा लावताना पाहणारे मूल उद्या स्वतः गाडी चालवील, तेव्हा त्याला कोणत्याही दंडाची भीती दाखवावी लागणार नाही. संस्कार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?