ग्रुपवर टाकलं म्हणजे शिकवलं नव्हे

अंगणवाडी सेविकेला व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवायचा, तिच्याकडून ‘पाहिला’ असं लिहून घ्यायचं आणि कागदोपत्री तिला प्रशिक्षित दाखवायचं, या प्रकाराला मी फसवणूक म्हणते. पर्यवेक्षिका म्हणून बीट, म्हणजे माझ्याकडे सोपवलेल्या अंगणवाड्यांचा गट, सांभाळण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे हा शब्द मी पूर्ण विचारानं वापरते आहे. फसवणूक सेविकेची होते, तिच्याकडे बाळ घेऊन येणाऱ्या आईची होते आणि सगळ्यांत जास्त त्या बाळाची होते, ज्याचं कुपोषण नोंदीत कधी येतच नाही.

पद्धत ठरलेली आहे. रात्री साडेनऊला प्रकल्पाच्या ग्रुपवर एक लिंक येते, सोबत जाडजूड पीडीएफ. खाली सूचना: ‘सर्व सेविकांनी व्हिडिओ पाहून उद्या सकाळी दहापर्यंत ग्रुपवर कळवावे. न कळवणाऱ्यांची नावे वरिष्ठांना पाठवली जातील.’ मग ‘ओके मॅडम’, ‘पाहिला मॅडम’ आणि अंगठ्यांची रांग लागते. दहा वाजता पर्यवेक्षिका नावं मोजते, राहिलेल्यांना फोन करते, तक्ता भरते आणि वर पाठवते. तालुक्याचं प्रशिक्षण शंभर टक्के पूर्ण! व्हिडिओत काय होतं, त्यातलं कुणाला काय कळलं, हे कुणीच विचारत नाही. तक्त्यात त्यासाठी रकाना नसतो.

शिकवायचं नेमकं काय असतं, ते आधी समजून घ्या. साधी बाळाची लांबी मोजण्याची गोष्ट घेऊ. दोन वर्षांच्या आतलं मूल झोपवून मोजायचं, त्यावरचं उभं करून. झोपवलेल्या बाळाला दोघी जणी लागतात. एकीनं डोकं फळीला टेकवून सरळ धरायचं, दुसरीनं गुडघ्यांवर हलका दाब देऊन पाय सरळ करायचे आणि सरकती फळी तळपायांना भिडवायची. बाळ रडतं, अंग आखडून घेतं, आई घाबरते. गुडघा जरा वाकलेला राहिला तर लांबी कमी भरते. लांबी कमी भरली की त्या लांबीच्या मानानं वजन बरं दिसतं आणि तीव्र कुपोषित मूल तक्त्यातून निसटून जातं. दोन वर्षांवरचं मूल उभं राहत नसेल आणि त्याला झोपवून मोजावं लागलं, तर आलेल्या आकड्यातून ०.७ सेंटिमीटर वजा करायचे असतात.

दंडघेराचंही तेच. खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या मधला बिंदू मोजून काढायचा, डावा हात सैल सोडलेला हवा, पट्टी आवळलेली नको आणि ढिलीही नको. दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली भरला तर मूल तीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान भरला तर मध्यम. म्हणजे पट्टी किती ओढली यावर त्या बाळाला उपचार मिळणार की नाही हे ठरतं. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खळगा राहतो का, तेही बघायचं असतं, कारण सूज आलेलं मूल काट्यावर भरलेलं दिसतं आणि तेच सर्वांत धोक्यात असतं.

हे सगळं हाताचं काम आहे. शेजारी उभं राहून ‘ताई, पट्टी जास्त ओढलीत, पुन्हा घ्या’ असं सांगणारं माणूस लागतं. व्हिडिओ बघणारीला स्वतःची चूक कळत नाही आणि व्हिडिओ पाठवणाऱ्याला तिचा हात दिसत नाही. एवढी उघड गोष्ट ज्यांना समजत नाही, त्यांनी आयुष्यात एकदा तरी रडणाऱ्या सहा महिन्यांच्या बाळाची लांबी मोजून बघावी.

यावर उत्तर ठरलेलं असतं: ग्रुपवर शंका विचारता येतात, सेविका एकमेकींकडून शिकतात, सोशल मीडियाचा हाच तर फायदा. तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे. पण ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते बघा. सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) मॅडम आहेत, पर्यवेक्षिका आहे, कधी जिल्हा परिषदेचे अधिकारीही आहेत. त्यांच्यासमोर मानधनावर काम करणारी बाई ‘मला हे जमत नाही’ असं का लिहील? ते लिहिणं म्हणजे स्वतःच्या विरोधात पुरावा देणं, तोही तारखेसकट. एका सेविकेनं ग्रुपवर विचारलं होतं की वजनकाटा शून्यावर येत नसेल तर वजन कसं घ्यायचं. उत्तर आलं, ‘याबाबत यापूर्वी मार्गदर्शन केलेले आहे. ग्रुपवर अनावश्यक चर्चा टाळावी.’ त्या दिवसानंतर त्या ग्रुपवर कामाची एकही शंका कुणी विचारली नाही. पुढे तर सेटिंगच बदललं: फक्त अॅडमिन संदेश पाठवू शकतात. जिथं शिकणाऱ्याला तोंड उघडता येत नाही, त्याला शिक्षणाचं माध्यम म्हणणं हा निर्लज्जपणा आहे.

शंका मरत नाहीत, त्या दुसरीकडे जातात. अधिकारी नसलेले सेविकांचे आपापले ग्रुप असतात आणि खरं शिकणं तिथं चालतं. ‘अगं, हे भरलं की एरर येतंय, तू काय केलंस?’ असं विचारलं की पाच मिनिटांत उत्तर येतं, आवाजी संदेशात, आपल्या बोलीत. मला या ग्रुपांचा अभिमान आहे. पण तिथं चुकलेलं दुरुस्त करणारं जाणतं माणूस नसतं. ०.७ सेंटिमीटर सरसकट प्रत्येक मुलाच्या मापातून वजा करायचे, असा समज एका बीटभर पसरलेला मी पाहिला आहे. त्यात सेविकांचा काडीचा दोष नव्हता. शिकवायचं काम ज्यांचं होतं, ते अंगठे मोजण्यात गुंतले होते.

शिकवायचं कसं हे सरकारला माहीत नाही, असंही नाही. २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झालं तेव्हा टप्प्याटप्प्यानं शिकण्याची एक चांगली पद्धत आखली होती. २१ विषय होते. महिन्याच्या बैठकीत एक विषय घ्यायचा, त्यावर चर्चा करायची, महिनाभर गावात ते करून बघायचं आणि पुढच्या बैठकीत काय जमलं, काय अडलं ते बोलायचं. मी अशा बैठका घेतल्या आहेत. एरवी गप्प बसणारी सेविका तिथं बाहुली हातात घेऊन स्तनपानाची पकड दाखवायला पुढे यायची. आता बीटची बैठक म्हणजे कुणाची कुठली माहिती अॅपमध्ये भरायची राहिली, याची झाडाझडती. विषय शिकवायचा? तो ग्रुपवर पाठवलाय ना!

मी ऑनलाइन शिक्षणाची शत्रू नाही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘एको’ हा प्रकल्प सुरू केला. हेपटायटिस सी वरचे उपचार तेव्हा मोठ्या रुग्णालयातले तज्ज्ञच करत. त्यांनी खेड्यांतल्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र आणलं. प्रत्येकानं आपला खरा रुग्ण मांडायचा आणि तज्ज्ञांनी त्यावर सगळ्यांसमोर बोलायचं. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्ण बरे झाले होते, या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के. अंतर होतं, पडदा होता, तरी शिक्षण झालं. कारण तिथं शिकणारा बोलत होता, जाणता माणूस ऐकत होता आणि ठरलेली वेळ त्यासाठीच राखून ठेवलेली होती.

वेळेचा मुद्दा मी सोडणार नाही. रात्री साडेनऊची वेळ सेविकेच्या घरची आहे. भांडी, मुलांचा अभ्यास, सासूची गोळी, दुसऱ्या दिवशीची तयारी. त्या वेळेत तिच्याकडून शिकण्याची अपेक्षा करणं म्हणजे तिचे श्रम फुकट वापरणं. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो असा निकाल दिला आणि त्यांचं काम अर्धवेळ मानता येणार नाही असंही म्हटलं. काम पूर्णवेळ असेल, तर त्या कामाचं प्रशिक्षणही कामाच्या वेळेतच झालं पाहिजे, आणि त्याचा डेटा, प्रवास, जेवण यांचा खर्च काम देणाऱ्यानं उचलला पाहिजे.

फोनचा इतिहास तर अजून ताजा आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले. फोन तापत होते, बंद पडत होते, दुरुस्तीचा खर्च त्यांच्याच माथी येत होता आणि पोषण ट्रॅकर अॅपमध्ये माहिती इंग्रजीतून भरायला सांगितलं जात होतं. काही लोकांनी तेव्हा या बायकांना तंत्रज्ञानाला घाबरणाऱ्या ठरवलं. त्या घाबरलेल्या नव्हत्या. ज्या साधनानं काम होत नाही ते साधन त्यांनी देणाऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यातून धडा कुणी घेतला? १ जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी लाभार्थीचा चेहरा अॅपवर पडताळणं सक्तीचं झालं, तेव्हा सेविका मला, निवृत्त बाईला, फोन करून विचारत होत्या की चेहरा जुळत नसेल तर आहार द्यायचा की नाही. त्यांच्याकडे व्हिडिओ होता. पण दारात उभ्या असलेल्या गरोदर बाईला काय सांगायचं, ते त्यात नव्हतं.

आणि एक गोष्ट सांगताना मला संताप येतो. शिकल्याचा पुरावा म्हणून फोटो मागितले जातात. मग उघड्या अंगाच्या, बरगड्या दिसणाऱ्या मुलांचे, गरोदर बायकांचे फोटो नाव-गावासह शेकडो लोकांच्या ग्रुपवर फिरतात. त्या आईला कुणी विचारलेलं नसतं. तिचं मूल गरीब आहे, म्हणून त्याला लाज नाही असं समजायचं का?

अधिकाऱ्यांना माझं सांगणं आहे: महिन्याची बीट बैठक पुन्हा शिकण्यासाठी मोकळी करा आणि माहिती भरण्याचा तगादा तिथून हद्दपार करा. व्हिडिओ पाठवायचा तर कामाच्या वेळेत पाठवा, मराठीत पाठवा, आणि तो बघून झाल्यावर पर्यवेक्षिकेनं अंगणवाडीत जाऊन प्रत्यक्ष माप घेताना बघितल्याशिवाय कुणालाही प्रशिक्षित म्हणू नका. शंकांसाठी वेगळा ग्रुप करा, त्यात डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ असू द्या, नावं वर पाठवणारं कुणी नको. मुलांचे फोटो मागणं आजपासून बंद करा.

आणि वाचकहो, तुमच्या गावातल्या, वस्तीतल्या अंगणवाडीत एकदा जा. लांबी मोजायला, दंडघेर घ्यायला गेल्या वर्षभरात समोर बसून कुणी शिकवलं का, ते ताईंना विचारा. ‘नाही’ असं उत्तर आलं, तर तोच प्रश्न पुढच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा आणि त्याची नोंद इतिवृत्तात करून घ्या.