टाऊन हॉल रंगवायला बसण्याआधी

मुंबईतला एशियाटिक सोसायटीचा टाऊन हॉल तैलरंगात उतरवावा, असं तुमच्या मनात आहे ना? अवश्य उतरवा. १८३३ साली पूर्ण झालेली ही इमारत शिकायला फार चांगली आहे. डॉरिक खांब, सरळ रेषा आणि समोर रुंद पायऱ्या. फक्त रंगांच्या दुकानात जायची घाई करू नका.

आधी पेन्सिल आणि वही घेऊन जा, तीही दुपारनंतर. इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो. दुपार कलली की ऊन खांबांवर येतं आणि त्यांची गोलाई दिसू लागते. रविवारी तिथे, फोर्ट भागात, गर्दी कमी असते. निवांत बसता येईल.

बसलात की पहिली रेघ तुमच्या डोळ्यांच्या उंचीची काढा. बाकी सगळं तिच्यावर ठरतं. पायऱ्याच बघा. डोळ्यांच्या खालच्या पायऱ्यांचा पृष्ठभाग दिसतो. वरच्यांची नुसती उभी बाजू दिसते. सगळ्या पायऱ्या सारख्या काढल्यात, तर त्या कोसळल्यासारख्या वाटतील. उभ्या रेषा मात्र पट्टी लावून ताठ ठेवा. एक खांब कलला तरी बघणाऱ्याला ते लगेच खटकतं, कारण सांगता आलं नाही तरी.

खांबावरच्या पन्हळी मोजत बसू नका. मधल्या रुंद, कडेच्या अरुंद, एवढं सांभाळा.

आता रंग. चार पुरतात: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन. काळ्याची ट्यूब घेऊ नका. खांबांमागचा अंधार सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळून करा. नुसत्या काळ्याने तिथे भोक पडल्यासारखं दिसतं. त्या सावलीतही खालच्या बाजूला, उन्हाने तापलेल्या फरशीचा पिवळसर उजेड वर येत असतो. तो दिसला की थांबून नीट बघा. माझ्या मते सगळ्या चित्राचा जीव तिथे आहे.

खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला असावा. वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्या. उलटं केलंत तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला तडे जातात.

आता घरातलं सांगतो, आणि हे कळकळीने. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कधीही टाकू नका. ते तेल वाळताना तापतं, आणि अशा ढिगाला आपोआप आग लागू शकते. चिंध्या बाहेर पसरून वाळवा किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. स्वयंपाकघरात रंगवू नका. टर्पेंटाइन पेट घेतं. खिडक्या उघड्या ठेवा. रंगाच्या हातांनी जेवू नका, मुलांना ट्यूब हाताळू देऊ नका. वापरलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. बरणीत ठेवा, गाळ खाली बसतो, वरचं पुन्हा वापरता येतं. तेवढाच पैसाही वाचतो.

चित्र हाताला कोरडं लागलं तरी आत ओलं असतं. मागे तारीख लिहा आणि निदान सहा महिने वॉर्निश लावू नका. थर जाड असतील तर वर्षभर थांबा. पावसाळ्यात ओलीच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, बुरशी धरते. मागून हवा खेळेल असं टांगा.