वऱ्हाडी आले, पण मांडवात घेईनात!

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी माझ्या मैत्रिणीने मराठी शब्दकोशाचं ॲप बनवलं. डेमोच्या दिवशी सरांनी सहज ‘वऱ्हाडी’ टाइप केलं. उत्तर आलं, ‘शब्द सापडला नाही.’ नागपुरात बसून वऱ्हाडी सापडेना! शब्द तर यादीत होता, तिनेच टाकला होता. मग काहून सापडला नसेल?

गडबड त्या आडव्या अर्ध्या ‘र’ची. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन. फरक तेवढ्या एका ‘र’चा. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक तर ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घ्या, नाहीतर साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह लावा. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द. ‘ॲप’चंही तेच. युनिकोडने ‘ॲ’ला स्वतःचा क्रमांक दिला 2008मध्ये. नुसत्या ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला मजकूर त्याच्याशी जुळत नाही.

इंग्रजी शब्द शोधताना प्रोग्रॅमर आधी सगळं स्मॉल लेटरमध्ये आणतो. मराठीत कॅपिटल-स्मॉल नाही, म्हणून आपल्याला काहीच करायचं नाही, असं समजून आपण मोकळे होतो. उलट कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टच्या फाइलवर ती युक्ती चालवून बघा. तिथे स्मॉल डी म्हणजे ‘क’ आणि कॅपिटल डी म्हणजे अर्धा ‘क’. सगळं स्मॉल केलं की ‘पक्का’चा झाला ‘पकका’!

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा टिंबटाबासाठी संपादकीय? हो. मोल्सवर्थचा 1857चा कोश आज ऑनलाइन शोधता येतो. वऱ्हाडी आणि झाडीबोलीतले कितीतरी शब्द मात्र अजून आजीच्या तोंडीच आहेत. ते आपण टाइप केले आणि सर्चला सापडलेच नाहीत, तर असून नसल्यासारखेच. ऑक्टोबर 2024मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण स्टेटस ठेवले. आता थोडं कामही करू.

कॉम्प्युटरवाल्यांनो, शब्द साठवताना आणि शोधतानाही दोन्ही रूपं एकाच रूपात आणा. युनिकोडचं तयार नॉर्मलायझेशन या जोड्या एक करत नाही, नियम तुम्हालाच लिहावा लागेल. आणि जॉइनर सरसकट पुसू नका, नाहीतर दरीचा समुद्र होईल! मराठीवाल्यांनो, शब्द गोळा करा, पण युनिकोडमध्येच. आणि एकदा तरी कॉम्प्युटरच्या पोट्ट्यांसोबत चहाला बसा. कोणता ‘र’ कुठे येतो, हे त्यांना तुम्हीच सांगू शकता.

मैत्रिणीने नंतर चार ओळींचा कोड वाढवला. आता तिच्या ॲपमध्ये वऱ्हाडी सापडतात. तुमच्या ॲपमध्ये?