सागाच्या मुलखातले गवताचे धनुष्य

१/ चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्याचे नाव निघाले की प्रथम आठवतो तो आलापल्लीचा साग. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून गेला तोही सागच. परंतु याच अरण्यातील माडिया-गोंडांचे धनुष्य सागाचे नाही. ते बांबूचे आहे. आणि बांबू हे वृक्ष नसून गवत आहे.

२/ इंग्रजी ‘लाँगबो’च्या चित्रफिती पाहिलेल्या तरुणांकडून ‘आपल्याकडे यू वृक्षाला पर्याय कोणता?’ असा प्रश्न वारंवार येतो. प्रश्नाची मांडणीच उफराटी आहे. धनुष्य ओढले की त्याची पाठ ताणली जाते, पोट दाबले जाते. यूच्या एकाच फळीत बाहेरचे फिकट रसकाष्ठ ताण सोसते, आतले तांबूस मध्यकाष्ठ दाब. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ जहाजातून अशी शंभराहून अधिक धनुष्ये निघाली.

३/ मध्य भारतात तेच काम बांबू करतो. त्याचे तंतू सालीकडे दाट, आत विरळ. म्हणून सालीची बाजू पाठीला. येथला मानवेल जाड भिंतीचा, कित्येकदा जवळपास भरीव असतो. कोवळा वाळताना आकसतो. तीन-चार पावसाळे पाहिलेला पक्का. प्रत्यंचाही बांबूच्या सालीचीच. पावसात सैल पडणारी तात या रानात काय कामाची? मराठी बांबूच्या फाकेला कामटी म्हणते आणि धनुष्यबाणाला तिरकमठा, हेही जाता जाता.

४/ साग मौल्यवान ठरतो तो न वाकण्यामुळे. दाराला ते हवे; धनुष्याला हजारदा वाकून पुन्हा सरळ व्हायचे असते. वृक्षांतून निवडायचेच तर धामण निवडावी. लवचीक, चिवट, कुऱ्हाडीच्या दांड्याला नावाजलेली. तिचे संस्कृत नावच ‘धन्वन’.

५/ या धनुष्याला ‘आदिम’ म्हणणाऱ्यांनी कौटिल्य उघडावा. अर्थशास्त्राच्या आयुधागार प्रकरणात प्रत्यंचेच्या द्रव्यांत मूर्वा, रुई, ताग यांबरोबर वेणूही, म्हणजे बांबूही आहे. त्याआधी हेरोडोटसने झर्क्सीसच्या सैन्यातील हिंदी तिरंदाजांच्या हाती वेळूवर्गीय धनुष्ये नोंदवली होती. राजसैन्यात जे शस्त्र, ते माडियाच्या खांद्यावर आले की ‘आदिम’ होते. हा निकष शस्त्राचा नाही, माणसाचा आहे.

६/ निवडीचा इतिहास मात्र केवळ तंतूंचा नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातला. गवत कागदोपत्री झाड झाले, आणि राखीव वनात ज्याची कामटी काढायची त्याचा हक्क सवलतीवर आला. तोच बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे मात्र जात राहिला. कोणता बांबू पक्का हे ओळखणारा एक आणि तो तोडू देणारा दुसरा, अशी ही फारकत. धनुर्विद्येवरील लेखनात तिचा उल्लेखही नसतो, ही खरी उणीव.

७/ २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. तरी धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक हाती पडायला एप्रिल २०११ उजाडला. १९२७ च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो २०१७ मध्ये. तोवर, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर, तिरकमठ्याने शिकार करणे हाच गुन्हा होऊन पंचेचाळीस वर्षे लोटली होती.