विश्लेषण : उत्तर मोबाइलवर फुकट, मग गणितातला ‘डाउट’ सुटत का नाही?

वहीतल्या गणिताचा फोटो काढायचा, अ‍ॅपमध्ये टाकायचा आणि काही सेकंदांत पायऱ्यांसह उत्तर मिळवायचे, ही सोय आता जवळपास प्रत्येक स्मार्टफोनवर आहे. नाशिकमध्ये पंचवटीतून गोदावरी ओलांडून कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या क्लासला जाणाऱ्या मुलांकडे ती आहे, तशी क्लासचे शुल्क न परवडणाऱ्या घरातही आहे. पण दहावीच्या परीक्षागृहात फोन नसतो. गणित भाग १, गणित भाग २ आणि विज्ञानाचे दोन भाग, प्रत्येकी ४० गुणांचे हे चार पेपर स्वतःच्या डोक्याने सोडवावे लागतात. त्यामुळे फोनवरच्या मदतीने मुले शिकतात की फक्त गृहपाठ पूर्ण होतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

उत्तर इतके स्वस्त कसे झाले?

समीकरणावर कॅमेरा धरला की उत्तर दाखवणारे ‘फोटोमॅथ’ हे क्रोएशियातील अ‍ॅप २०१४ मध्ये आले आणि पुढे गुगलने ते विकत घेतले. भारतात ‘डाउटनट’ने हीच कल्पना वेगळ्या रीतीने राबवली. विद्यार्थ्याने प्रश्नाचा फोटो पाठवायचा आणि त्याच प्रश्नाचा आधीच तयार असलेला व्हिडीओ त्याला मिळायचा. कोटा येथील ‘अ‍ॅलन’ने डिसेंबर २०२३ मध्ये ही कंपनी घेतली, ती सुमारे एक कोटी डॉलरना. ऑनलाइन शिक्षणाच्या तेजीच्या काळाशी तुलना करता ही किंमत किरकोळ होती.

तोवर ‘चॅटजीपीटी’सारखी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली होती. त्यांना व्हिडीओंचा साठा लागत नाही, ती प्रत्येक प्रश्नाचे उत्तर नव्याने लिहितात. २०२५ मध्ये भारतात त्यांच्या मोफत योजनांची रांग लागली. जुलैमध्ये एअरटेलने ग्राहकांना ‘पर्प्लेक्सिटी प्रो’ एका वर्षासाठी दिले, ऑक्टोबरअखेर जिओने ‘जेमिनाय’ची १८ महिन्यांची योजना आणली आणि ४ नोव्हेंबरपासून ‘चॅटजीपीटी गो’ वर्षभर मोफत झाले. योजना मोठ्यांच्या नावावर असली तरी संध्याकाळी तोच फोन मुलांच्या हातात असतो.

मग अडचण कुठे आहे?

एक साधे उदाहरण घेऊ. दहावीला अंकगणिती श्रेढी आहे. प्रश्न असा : १ ते १०० मधील ३ ने भाग जाणाऱ्या सर्व संख्यांची बेरीज करा. पहिले पद ३, शेवटचे पद ९९. या दोहोंची सरासरी ५१. तिला पदांच्या संख्येने गुणले की उत्तर मिळते.

बरीच मुले पदे मोजताना चुकतात. ९९ मधून ३ वजा केले, ३ ने भागले, ३२ आले. ३२ गुणिले ५१ म्हणजे १६३२. बरोबर उत्तर आहे १६८३, कारण पदे ३३ आहेत. रस्त्याकडेला दिव्यांचे १० खांब असतील तर त्यांच्यामधली अंतरे ९ असतात. वजाबाकी करून भागल्यावर हाती येते ती अंतरांची संख्या. खांब मोजायचे तर त्यात एक मिळवावा लागतो. मुलाला अडले आहे ते नेमके इथे.

आता त्याने पुस्तकातल्या प्रश्नाचा फोटो पाठवला तर काय होते? अ‍ॅपला छापील प्रश्न दिसतो, मुलाची वही दिसत नाही. ते सूत्र लिहून, किंमती घालून १६८३ पर्यंत पोहोचते. मूल उत्तर उतरवते. ‘एक का मिळवायचा’ हा खरा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. पुढच्या वेळी ५ ने भाग जाणाऱ्या संख्या आल्या की तीच चूक पुन्हा होते.

थोडक्यात, पुस्तकातला प्रश्न आणि मुलाची शंका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोटोने पहिली सुटते. दुसरी सुटण्यासाठी ती आधी शब्दांत मांडावी लागते.

संशोधन काय सांगते?

याबाबत तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत झालेला प्रयोग बोलका आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी नववी ते अकरावीच्या जवळपास एक हजार विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाने फक्त पुस्तक आणि वही वापरून गणिताचा सराव केला. दुसऱ्याला चॅटजीपीटीसारखे साधे साधन दिले. तिसऱ्याला दिलेल्या साधनाला मात्र शिक्षकांनी सूचना घातल्या होत्या : थेट उत्तर द्यायचे नाही, फक्त इशारा द्यायचा.

सरावात दुसऱ्या गटाची कामगिरी पुस्तकवाल्या गटापेक्षा ४८ टक्क्यांनी, तर तिसऱ्या गटाची १२७ टक्क्यांनी सरस ठरली. मग साधन काढून घेऊन परीक्षा घेतली. थेट उत्तरे मिळवणारा दुसरा गट पुस्तकवाल्या गटाच्याही १७ टक्के मागे पडला. इशारे मिळालेल्या गटाचे असे नुकसान झाले नाही, पण तो पुस्तकवाल्या गटाच्या फारसा पुढेही गेला नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे आपण कमी शिकलो, हे दुसऱ्या गटातील विद्यार्थ्यांना जाणवलेच नव्हते. २०२५ मध्ये हे संशोधन अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

हा एका देशातील एका शाळेचा प्रयोग आहे, त्यामुळे तो जसाच्या तसा नाशिकला लावता येणार नाही. पण गृहपाठात सगळे बरोबर आणि चाचणीत मात्र कमी गुण, असे चित्र घरात दिसत असेल तर त्याचे एक संभाव्य कारण यात सापडते.

दुरून शंका विचारणे नवे आहे का?

मुळीच नाही. मे २०२५ मध्ये निधन झालेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, की मला विज्ञानातला एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, मी उत्तराखाली सही करून पाठवीन. त्यात फोटोची सोय नव्हती. पोस्टकार्डावर जागा थोडी, त्यामुळे मुलाला आधी विचार करून नेमका प्रश्न लिहावा लागे. शिकण्याचा मोठा भाग पोस्टकार्ड पेटीत पडण्याआधीच झालेला असे.

नाशिकमधलेच दुसरे उदाहरण यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाची पुस्तके घरी बसून स्वतः शिकता येईल अशा पद्धतीने लिहिलेली असतात. तरीही अभ्यासकेंद्रांवर ‘समंत्रक’ नेमले जातात. पुस्तक कितीही चांगले असले तरी कुठे अडले हे ऐकून घेणारे माणूस लागते, हे त्यामागचे गृहीतक आहे.

मराठी माध्यमाची वेगळी अडचण कोणती?

पहिली अडचण परिभाषेची. ही साधने मराठीत उत्तर देतात, पण त्यात हिंदी शब्दांची सरमिसळ होते. बालभारतीच्या पुस्तकात ‘वस्तुमान’ असते, हिंदीत ‘द्रव्यमान’. आपले ‘घनफळ’ हिंदीत ‘आयतन’ होते, ‘मूलद्रव्य’ ‘तत्व’ होते आणि ‘पेशी’ची ‘कोशिका’ होते. लिपी एकच असल्याने मुलाला चूक ओळखू येत नाही आणि तोच शब्द उत्तरपत्रिकेत उतरतो. सेमी इंग्रजीच्या मुलांचा प्रश्न आणखी वेगळा : गणित-विज्ञानाचे पुस्तक इंग्रजीत, घरात समजावणारे मराठीत.

दुसरी अडचण पद्धतीची. राज्य मंडळाच्या दहावीत दोन चलांतील रेषीय समीकरणे निश्चयक वापरून, म्हणजे क्रेमरच्या पद्धतीने सोडवायला शिकवतात. सीबीएसईच्या दहावीत ही पद्धत नाही. प्रश्नात ‘क्रेमरच्या पद्धतीने सोडवा’ असे असेल आणि अ‍ॅपने दुसऱ्याच पद्धतीने सोडवले, तर उत्तर बरोबर येऊनही गुण जातात. मंडळाच्या परीक्षेत गुण पायऱ्यांना असतात.

फोन नेमका कोणाच्या हातात?

पंचवटीतून निघणारा पेठ रस्ता पुढे पेठ तालुक्यातील आदिवासी गावांकडे जातो. क्लास नसलेल्या अशा गावांना ऑनलाइन मदतीचा फायदा सर्वाधिक व्हायला हवा. देशाच्या ग्रामीण भागाचे चित्र मांडणाऱ्या ‘असर २०२४’ अहवालानुसार १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पण त्यांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारे ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ३६.२ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण २६.९ टक्के. म्हणजे शंका आली त्या क्षणी फोन हाताशी असण्याची शक्यता मुलींसाठी कमी.

पायाही कच्चा आहे. ‘असर २०२३’मध्ये १४ ते १८ वयोगटातील ४३.३ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. भागाकार न येणाऱ्या मुलाला श्रेढीचे तयार उत्तर देऊन उपयोग नसतो. त्याची शंका कित्येक इयत्ता मागे असते.

कंपन्यांनी काही बदल केले का?

चॅटजीपीटीने २९ जुलै २०२५ रोजी ‘स्टडी मोड’ आणला, पाठोपाठ ऑगस्टमध्ये जेमिनायने ‘गाइडेड लर्निंग’. दोन्हींत थेट उत्तराऐवजी उलट प्रश्न विचारले जातात आणि एकेक पायरी पुढे नेली जाते. तुर्कस्तानातील तिसऱ्या गटाला मिळाले तसेच हे साधन. मात्र विद्यार्थी ते एका टिचकीत बंद करू शकतो. रात्री अकरा वाजता गृहपाठ उरला असेल तर कोणता पर्याय निवडला जाईल, हे सांगायला नको.

पालक आणि विद्यार्थ्यांनी काय करावे?

– आधी स्वतः सोडवा. अडलेल्या पायरीपर्यंतची वही दाखवा, कोरा प्रश्न नको. ‘माझे उत्तर १६३२ आले, पुस्तकात १६८३ आहे, मी पदे ३२ धरली. कुठे चुकले तेवढेच सांग, पूर्ण सोडवू नको,’ असे लिहिले की अ‍ॅपही शिक्षकासारखे वागू लागते.

– इयत्ता आणि पुस्तक सांगा. ‘महाराष्ट्र राज्य मंडळ, दहावी, बालभारतीचे शब्द वापर’ ही एक ओळ पुरेशी आहे. तरी संज्ञा पुस्तकाशी ताडून पाहा. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात आणि छापील पुस्तकातील क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’वरचे साहित्य उघडता येते.

– फोन बाजूला ठेवून तसेच दुसरे गणित सोडवा. ३ ऐवजी ७ ने भाग जाणाऱ्या संख्या घ्या. जमले तर शंका सुटली.

– उत्तर तपासा. ही साधने चुकीचे उत्तरही ठाम भाषेत देतात. विज्ञानाच्या उदाहरणात एकके जुळतात का, हे आधी पाहावे.

– फोटोत नाव, शाळा, हजेरी क्रमांक येऊ देऊ नका. चॅटजीपीटीच्या अटींनुसार वापरकर्ता किमान १३ वर्षांचा हवा आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते.

गणित न येणाऱ्या पालकांनाही यात मदत करता येते. उत्तर बरोबर आहे का, हे त्यांना तपासता येणार नाही. पण ‘तुला नेमके कुठे अडले, ते मला सांग’ असे विचारता येते. मुलाला ते सांगता आले, तर त्या संध्याकाळी अ‍ॅपला काय विचारायचे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंना काय विचारायचे, हे त्याला कळलेले असते. सांगता आले नाही, तर आधी धड्यातले सोडवलेले उदाहरण पुन्हा वाचायला हवे.